वजन डोक्यात गेलंय

पूर्वी बरं होतं. वजन वाढलं की लोक सांगायचे जरा कमी खा, जरा चालत जा, आपण मान डोलवायची, सांगणाऱ्याला बरं वाटायचं आणि विषय संपायचा. आता तसं राहिलेलं नाही. आता जिमवाला असो, डॉक्टर असो, नाहीतर लिफ्टमध्ये दोन मजल्यांपुरती भेटलेली बाई असो, सगळ्यांचं एकच, आधी माइंडसेट बदला. म्हणजे भिंतीला रंग द्यायला बोलावलेला माणूस जसा घरभर फिरून म्हणतो की रंगाचं नंतर बघू, आधी पायाच उकरावा लागेल, त्यातला प्रकार. मी पोट घेऊन गेले होते हो, डोक्याचं काम कुठून निघालं?

आमच्या लेकीनेही तेच सुनावलं. ती पंधरा वर्षांची आहे, दिवसभर काहीतरी चरत असते आणि तरी अंगावर मूठभर मांस नाही. म्हणे, "आई, तुझा प्रॉब्लेम फूड नाहीये, माइंडसेट आहे." मी म्हटलं, "बरं बाई, मग माइंडसेट किती किलो कमी करायचा?" तर म्हणाली, "बघ, हेच ते."

आता बदलायचा तर आधी आहे तो कसला आहे हे बघायला हवं, आणि ते बघायची उत्तम जागा म्हणजे वजनकाटा. सकाळी मी काट्यावर कशी चढते एवढं बघितलंत तरी माझ्याबद्दल आणखी काही विचारायची गरज पडणार नाही. आधी बाथरूमला जाऊन यायचं, मग चष्मा काढायचा, मग अंगठी, मग केसातली क्लिप, मग काटा दारापाशी असतो तो उचलून कपाटाजवळच्या फरशीवर ठेवायचा कारण त्या फरशीवर तो जरा मायेने वागतो, दोनशे ग्रॅम तरी सोडतो, मग श्वास पूर्ण सोडायचा (छातीत भरलेली हवा वजनात धरतात अशी माझी श्रद्धा आहे), मग एक पाय हळूच ठेवायचा, आणि दुसरा ठेवताना कपाटाच्या हँडलला नुसतं बोट लावायचं. नुसतं. तोल जाऊ नये म्हणून. एवढं सगळं झाल्यावर खाली बघायचं तर चष्मा काढलेला, आकडा दिसत नाही. मग लेकीला हाक. ती येते आणि आकडा वाचते, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात.

बरं, एवढं करून त्या आकड्याचं मी काय करते? कमी दिसला तर आनंदाने खाते आणि वाढलेला दिसला तर दुःखाने खाते. काट्याने काहीही सांगितलं तरी निकाल ठरलेलाच. आणि त्यात तो आकडा म्हणजे पाण्याचा खेळ आहे हे मला फार उशिरा कळलं. आपल्या शरीरात साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याचा एक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं एकदम कमी केलं की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जातं, म्हणून कुठलंही डाएट असो, पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो आणि आपण सगळ्यांना फोन करत सुटतो. चरबी अजून जागेवरच असते, फार तर थोडी चुळबुळ करते. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ 7700 कॅलरी. ती काय एका आठवड्याच्या उपासमारीला भीक घालणार आहे?

पण काट्याचं सोडा, तो बिचारा यंत्र आहे. खरी गोची शेवटच्या तारखेची आहे. मी आजपर्यंत जेवढी डाएटं केली, प्रत्येकाला शेवटची तारीख होती. कुणाचं लग्न असायचं, कुठे जायचं असायचं, नाहीतर नुसताच महिना संपायचा असायचा. म्हणजे मी डाएट करत नव्हते, शिक्षा भोगत होते, आणि शिक्षा भोगणारा माणूस आत बसून दुसरं काय करणार? सुटल्यावर काय काय खायचं त्याची यादी. माझी यादी डोक्यात तयार असायची, क्रमवारीसकट. रात्री झोप नाही लागली की मी त्यात सुधारणा करायचे.

हे माझंच होतं असं मला वाटायचं, पण मग मी मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलं. (वजन कमी करण्याबद्दल वाचणं हा माझा सगळ्यात नियमित व्यायाम आहे.) दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे निम्म्या खाण्यावर ठेवलं. ते स्वतःहून आलेले होते बरं का, कारण उपासमारीनंतर माणसाला पुन्हा खातंपितं कसं करायचं हे शोधायचं होतं. वजन जवळपास पाव भाग उतरलं ते ठीकच, पण त्यांच्या डोक्याचं काय झालं ते बघा. दिवसरात्र खाण्याचेच विचार, खाण्याचीच स्वप्नं, ताटात आहे तेवढंच तासतासभर चिवडत बसायचं, आणि काहीजण तर स्वयंपाकाची पुस्तकं कादंबरीसारखी वाचायला लागले. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी खाणं थांबेना. मला ते वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हणजे रात्री साडेअकराला फ्रिजचं दार उघडून आतल्या उजेडात नुसती उभी राहणारी मी काही वेडी नाहीये, मागे इतिहास आहे.

आणि तो कॅलरीचा आकडा! त्या पोरांना मिळायचा दिवसाला सोळाशे कॅलरींच्या आत. माझ्या मोबाईलमधलं अ‍ॅप मला बाराशे देत होतं आणि वर हिरव्या रंगात शाबासकी.

यातून निघतो तो दुसरा रोग, ज्याचं नाव शास्त्रज्ञांनीच इतकं भारी ठेवलंय की मला काही करावं लागलं नाही. व्हॉट द हेल इफेक्ट. आपल्या भाषेत, आता गेलंच आहे तर जाऊ दे. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असतो, केकचा तुकडा हातात येतो, आपण नको नको म्हणत तो खातो, आणि त्या क्षणी डोक्यातला वकील उभा राहतो. म्हणतो, बाईसाहेब, आजचा दिवस तर बाद झाला, आता संध्याकाळी जपून खाण्यात काय अर्थ आहे? आणि आज बुधवार, म्हणजे आठवडाही मोडल्यातच जमा. सोमवारी नव्याने सुरू करू. त्या एका तुकड्याच्या नावावर मी बुधवार संध्याकाळ ते रविवार रात्र काय काय खपवलंय याचा हिशोब केकवाल्यांनी मागितला तर त्यांना घेरी येईल. 1975 च्या एका प्रयोगात हे मोजूनच दाखवलंय. काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगा म्हणून आईस्क्रीम समोर ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवायच्या नाहीत, त्यांनी शेक प्यायल्यावर आईस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. आणि ज्या कायम मोजूनमापून खाणाऱ्या, त्यांनी शेकनंतर उलट जास्त खाल्लं. का, तर आता मोडलंच आहे! मोबाईल हातातून पडून स्क्रीनला चरा गेला तर कुणी म्हणत नाही की आता फुटलाच आहे तर भिंतीवर आपटू. जेवणाच्या बाबतीत मात्र आपण सगळे आपटतो.

मधल्या काळात आमच्या घरात एक अन्याय झाला. नवऱ्याला मी सहज म्हटलं की चल, तूही कर माझ्याबरोबर. तो म्हणाला बरं. त्याने फक्त संध्याकाळचं कोल्ड्रिंक बंद केलं. बाकी काही नाही, अ‍ॅप नाही, वही नाही, माइंडसेट तर नाहीच नाही, तो शब्द त्याला अजून नीट म्हणता येत नाही. महिन्याने त्याची पँट सैल. "अगं, काही केलं नाही मी," असं तो निरागसपणे म्हणत होता आणि मी त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून देत होते. तेव्हा मला जेवढा राग आला तेवढ्याने कॅलरी जळत असत्या तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

मग लेकीने मोबाईलवर एकवीस दिवसांचं चॅलेंज टाकून दिलं. एकवीस दिवस केलं की म्हणे सवय लागते. तो एकवीसचा आकडा आला कुठून हे शोधलं तर एक प्लास्टिक सर्जन निघाला. मॅक्सवेल मॉल्ट्झ, त्याने 1960 मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं किमान गळालं, नाक गळालं, चेहरा गळाला आणि आपल्यापर्यंत पोचले फक्त एकवीस दिवस. लंडनमध्ये पुढे खरोखर मोजलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 पर्यंत. मी कुठल्या टोकाची असणार हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फार काही बिघडत नाही. हे वाचून माझ्या डोक्यातला तो वकील जरासा खाली बसला.

दहा हजार पावलांचंही तेच. मी रात्री पावणेबाराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पूर्ण करायचे, घरच्यांना वाटायचं आता हिचं काही खरं नाही. तर ते दहा हजार म्हणजे 1965 च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव! नंतर वयस्कर बायकांवर मोठा अभ्यास झाला 2019 मध्ये, त्यात रोज साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांनाही फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. त्या रात्रीपासून मी पावणेबाराला झोपते.

आता माइंडसेटवाल्यांची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर लेक म्हणेल तू वन-साइडेड लिहितेस. 2007 मध्ये हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या 84 बायकांवर अभ्यास झाला. त्यातल्या काहींना सांगितलं की तुम्ही रोज जे काम करता तो चांगला भरपूर व्यायाम आहे, बाकीच्यांना काही सांगितलं नाही. महिन्याने ज्यांना सांगितलं होतं त्यांचं वजन आणि बीपी थोडं उतरलेलं. थोडंच, किलोभर वगैरे, आणि अभ्यासही छोटाच, पण मी तो तत्परतेने राबवला. भांडी घासताना मनात म्हणायचं, हा व्यायाम. कपडे वाळत घालताना, हा व्यायाम. सोफ्यावर बसून रिमोटसाठी हात लांब केला, हा पण. इथे माझी श्रद्धा विज्ञानाच्या पुढे निघून गेली.

मग बदललं काय? खरं सांगायचं तर फार मोठं काही नाही, आणि कुठल्या एका दिवशी तर नाहीच. कंटाळा आला. डाएटचा नाही, सुरू करण्याचा. दर सोमवारी नवीन वही, नवीन उत्साह, याचा इतका वीट आला की एका गुरुवारी मी बिस्किटाचा पुडा उघडला, दोन खाल्ली आणि बंद केला. उघडताना गुन्हा वाटला नाही म्हणून संपवून पुरावा नष्ट करायची गरज पडली नाही. एवढंच. नंतर चालायला लागले, रोज, पण वजनासाठी नाही, मैत्रिणीच्या सासूची गोष्ट अर्धवट राहिली होती म्हणून. ती गोष्ट अजून संपलेली नाही, त्या माउलीचे माझ्या गुडघ्यांवर उपकार आहेत. जेवताना मोबाईल बाजूला ठेवला तर पोट भरल्याचं दोन घास आधी कळतं असं लक्षात आलं. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवलीये ज्यांनी साडेतेरा किलोच्या वर वजन घटवलं आणि निदान वर्षभर टिकवलं. ते काय जादू करतात म्हणून बघायला गेले तर निराशाच. बहुतेक जण रोज तासभर चालतात नाहीतर असलंच काहीतरी करतात, बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. वर्षानुवर्षं. इतकं कंटाळवाणं की त्याचं चॅलेंजसुद्धा निघू शकत नाही.

काट्यावर मीही आता रविवारीच चढते, चष्मा लावून. हँडलला बोट लावते, पण ते आता सवयीचं झालंय.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला गेले. वजन फार नाही उतरलेलं, मी आधीच तोंड पाडून बसले होते, पण त्या बाई कागदावरून पेन फिरवत म्हणाल्या की शुगर खाली आलीये, बीपी छान आहे, कंबरही कमी झालीये, आहे त्या वजनाच्या पाच टक्के उतरले तरी शरीराला पुष्कळ फरक पडतो. "मस्त चाललंय तुमचं. हेच चालू ठेवा."

मी खुश होऊन पर्स उचलली आणि विचारलं, "हो हो, नक्की. आणि डॉक्टर, थांबवायचं कधी?"

त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.