काचबिंदू म्हणजे काळा मोतीबिंदू नव्हे

फोनवरच्या गटांमधून डोळ्या-कानांवरचा एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहतं. मोतीबिंदू आणि काचबिंदू हा एकच आजार, एक पांढरा आणि दुसरा काळा. बिंदू पुरता पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नका. मध, कांद्याचा रस, आल्याचा रस आणि लिंबू समप्रमाणात घेऊन डोळ्यांत घाला, म्हणजे बिंदू, वडस, चाळिशी सगळं उतरेल. डोळ्याच्या आणि कानाच्या पडद्याला डॉक्टरला हात लावू देऊ नका. कान वाहत असेल तर वाहू द्या, घाण निघून जाते. ऐकू कमी आलं तर कोमट तेल घालून मळ विरघळवा.

यातलं प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि बहुतेक चुका शब्दांपासून सुरू होतात. बिंदू, पडदा, फूल ही नावं जे बाहेरून दिसलं किंवा जसं वाटलं त्यावरून पडली. उपचार मात्र बिघाड कोणत्या भागात आहे त्यावर ठरतो, आणि तो भाग नावातून कळत नाही.

“मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच.”

डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा. सर्वांत पुढे पारदर्शक पारपटल, ज्याला बोलताना आपण बुबुळ म्हणतो. त्यामागे रंगीत परितारिका आणि तिच्या मधलं भोक, म्हणजे बाहुली. बाहुलीमागे भिंग. सगळ्यांत मागे दृष्टिपटल, आणि त्यातून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे दृष्टिचेता. या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात.

मोतीबिंदू भिंगात होतो. भिंगातली प्रथिनं गुठळून ते गढूळ होतं, बाहुलीतून पांढुरकं दिसू लागतं, म्हणून मोती. काचबिंदू नसेचा आजार आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि पारपटल व परितारिका यांच्या कोनातल्या जाळीतून बाहेर जातं. निचरा अडला की दाब वाढतो आणि नसेचे तंतू मरू लागतात. सर्वसाधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा. काहींची नस या मर्यादेतल्या दाबानेही झिजते, म्हणून ‘दाब नॉर्मल आहे’ एवढ्यावर काचबिंदू नाही असं ठरत नाही. नसेचं टोक पाहणं, कोन तपासणं आणि बाजूच्या नजरेचा आलेख काढणं, हे सगळं लागतं.

‘काळा’ हा शब्द बहुधा हिंदीतून आला आहे, तिथे काचबिंदूला काला मोतिया म्हणतात. हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. युरोपातही हे दोन आजार कित्येक शतकं एकमेकांत मिसळलेले होते. १७०५ मध्ये ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा उघडला आणि गढूळ झालेलं असतं ते भिंगच, हे दाखवलं. जिवंत माणसाच्या नसेचं टोक पाहता येऊ लागलं ते त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, हेल्महोल्ट्झच्या नेत्रदर्शकाने, १८५१ साली. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत तिमिर, काच आणि लिंगनाश या नजर जाण्याच्या एकापुढच्या एक पायऱ्या सांगितल्या आहेत. तिथला ‘काच’ आणि आजचा काचबिंदू यांत नावापलीकडे साम्य नाही. ग्रंथातला काचेवरचा उपाय उचलून काचबिंदूला लावणं म्हणजे नाव सारखं म्हणून दुसऱ्याचीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात देणं.

रुग्णाला जाणवणारा फरकही मोठा आहे. मोतीबिंदूत समोरचं धूसर होतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांत पसरतो, रंग पिवळट वाटतात, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. नेहमीच्या काचबिंदूत दुखत नाही आणि समोरचं बराच काळ स्वच्छ राहतं. अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासतो, पायरी चुकतो, बाजूने येणारी सायकल त्याला दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे कळतं तेव्हा बरीच नस गेलेली असते.

एक प्रकार मात्र अचानक उसळतो. कोन एकदम बंद होतो, डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं फुटेल असं वाटतं, उलट्या होतात. घरचे पित्त समजून लिंबू-सरबत देत बसतात. इथे तासांचा हिशेब असतो, रात्र असली तरी निघायचं.

मोतीबिंदूत भिंग बदललं की, मागचा डोळा चांगला असेल तर, नजर परत येते. काचबिंदूत गेलेले तंतू परत येत नाहीत. थेंब, लेसर आणि शस्त्रक्रिया उरलेली नजर राखतात. म्हणून थेंबांनी ‘फरक वाटत नाही’ म्हणून ते थांबवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. थेंब एकच घालायचा, डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून ठेवायचं, दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटं थांबायचं. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण टिमोलॉलसारखे थेंब श्वासनलिका आवळू शकतात. डोळे खाजतात म्हणून दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नयेत, त्यांनीच दाब वाढून काचबिंदू झालेली तरुण मुलं दवाखान्यांत येतात. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला की भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायचं, काही होत नसलं तरी.

“पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया नको.”

हा सल्ला एके काळी बरोबर होता, म्हणून तो इतका घट्ट बसला आहे. तेव्हा भिंग आवरणासकट काढत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. रुग्णाला अधिक दहाच्या आसपासचा जाड चष्मा लागे, ज्यातून भांडी आहेत त्याहून मोठी दिसत आणि कडेचं हरवून जाई. असा डोळा मिळण्यापेक्षा धूसर डोळा बरा, म्हणून थांबत. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा कृत्रिम भिंगाच्या शस्त्रक्रियेला हात घातला. आज अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून भिंगाचा चुरा करून ओढून घेतात आणि घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्याच आवरणात उलगडतं. भिंग जितकं कडक, तितकी ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि पारपटलाच्या आतल्या पेशी तितक्या जास्त मरतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

फार पिकलेलं भिंग फुगून परितारिकेला पुढे ढकलतं आणि निचऱ्याचा कोन बंद करतं. किंवा आतला भाग पातळ होऊन पाझरतो आणि जाळी तुंबवतो. दोन्ही वाटांनी दाब चढतो, म्हणजे थांबण्याच्या नादात मोतीबिंदूतून काचबिंदू उभा राहतो. ‘दोन्ही एकच’ हा समज कदाचित अशाच घरांतून निघाला असावा.

याचा अर्थ धूसर दिसताच धावत सुटायचं असाही नाही. वाचन, गाडी, सुईदोरा, भाजी निवडणं, रोजचं काम अडू लागलं की वेळ झाली. मधुमेह असेल तर थोडं लवकर, कारण गढूळ भिंगातून मागचं दृष्टिपटल तपासता येत नाही.

‘ऑपरेशननंतर मोतीबिंदू परत आला’ असंही ऐकू येतं. काढलेलं भिंग परत उगवत नाही. मागे ठेवलेलं पातळ आवरण काहींचं धूसर होतं, आणि लेसरने काही मिनिटांत त्यात मधोमध खिडकी पाडता येते.

“चार रसांनी सगळं उतरतं.”

लिंबाच्या रसाचा सामू, म्हणजे जितका कमी तितकं आम्ल तीव्र असा आकडा, दोन-अडीचच्या घरात असतो, अश्रूंचा सात-साडेसात. एवढं आम्ल पारपटलाचा वरचा थर भाजतं. घरचा मध आणि वाटलेला कांदा निर्जंतुक नसतात, आणि भाजलेल्या जागेत जंतू किंवा बुरशी सहज शिरते. मग पारपटलावर व्रण होतो, आणि तो बरा झाला तरी मागे पांढरा डाग ठेवतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडणं म्हणतो. भिंग तर पारपटलाच्या मागे, स्वतःच्या आवरणात बंद असतं. तिथली गुठळलेली प्रथिनं पुन्हा पारदर्शक करणारा कुठलाही थेंब आज सिद्ध झालेला नाही. घरचाही नाही, कंपनीचाही नाही.

मिश्रणाने चाळिशी उतरल्याची साक्ष लोक मनापासून देतात. त्यांना अनुभव खरोखरच आलेला असतो, कारण वेगळं असतं. चाळिशीनंतर भिंग ताठर होऊन जवळचं दिसेनासं होतं. पुढे साठीच्या आसपास भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की ते प्रकाश जास्त वळवतं, डोळा जवळचं पाहणारा होतो आणि वाचायला चष्मा लागेनासा होतो. ही मोतीबिंदूची चाहूल आहे. त्याच वेळी लांबचं अंधुक झालेलं असतं, पण पेपर विनाचष्मा वाचता आल्याच्या आनंदात तिकडे लक्ष जात नाही.

वडस डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला असतो. पांढऱ्या भागावरचं आवरण बहुतेक वेळा नाकाकडून त्रिकोणी वाढत पारपटलावर चढतं, उन्हात आणि धुळीत काम करणाऱ्यांत जास्त. टोपी आणि गॉगल यांनी वाढ मंदावते, चुरचुरीला साधे थेंब पुरतात. बाहुलीकडे सरकू लागला किंवा नंबर तिरपा करू लागला तर काढतात. नुसता खरवडला तर पुष्कळदा परत येतो, म्हणून त्या जागी त्याच डोळ्याच्या आवरणाचा तुकडा लावतात. शस्त्रक्रिया ठरवताना हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

फुलाबद्दल थोडं. नेत्रदानातून रुग्णाला मिळतं ते पारपटल. त्यामुळे फुलाने गेलेली नजर परत येऊ शकते, काचबिंदूने गेलेली येत नाही. अख्खा डोळा बसवून नजर देणं आज कुणालाही जमलेलं नाही.

“पडद्याला हात लावू देऊ नका.”

कोणत्या पडद्याला? डोळ्याचा पडदा म्हणजे दृष्टिपटल, प्रकाश टिपणारा नाजूक थर. कानाचा पडदा म्हणजे नळीच्या टोकाला ताणलेली, नऊ-दहा मिलिमीटर रुंद, सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची कातडी. वडसालाही कुणी पडदाच म्हणतं. तिघांना एकच सल्ला देणं शक्यच नाही.

डोळ्याचा पडदा सरकतो तेव्हा आधी विजेसारखे लखलखाट आणि काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस दिसतो, मग एका बाजूने सावली चढत येते. मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची नजर वाचते. तिथे हात न लावणं म्हणजे डोळा घालवणं. नुसतं भोक असेल, पडदा सुटला नसेल, तर बहुतेकदा लेसरच्या टाक्यांनी काम भागतं.

कानाच्या बाबतीत घाई सहसा नसते. थोबाडीत बसून किंवा काडी लागून पडलेलं लहान भोक बहुतेक वेळा सहा आठवडे ते तीन महिन्यांत आपोआप भरतं, अट एकच, कान कोरडा ठेवायचा. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, पोहणं बंद, थेंब विचारल्याशिवाय नाहीत. भरलं नाही तर कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण घेऊन पडदा शिवतात. ‘कान फुटला’ हा शब्द भांडं फुटल्यासारखा कायमचा वाटतो, म्हणून लोक दुरुस्तीचा विचारच सोडून देतात.

“कान वाहू द्या.”

सर्दीबरोबर येणारा, भरपूर, शेंबडासारखा स्राव आणि पडद्याच्या मधोमध भोक, हा तुलनेने सौम्य प्रकार. दुसऱ्यात स्राव थोडा असतो आणि त्याला कुजकट वास येतो. तिथे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून कातडी आत वाढत जाऊन हाड कुरतडते. ऐकण्याच्या तीन हाडांची साखळी, म्हणजे हातोडी, ऐरण आणि रिकीब, तुटते. चेहऱ्याची नस कानातूनच जाते, तिलाही इजा झाली तर तोंड वाकडं होतं. पुढे मेंदूत पू होऊ शकतो. वास मारणाऱ्या कानात चक्कर, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा तोंड वाकडं होणं, यांतलं काहीही आलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

“तेलाने मळ विरघळतो, ऐकू येतं.”

मळ कानाचं रक्षण करतो आणि जबड्याच्या हालचालीबरोबर आपणहून बाहेर सरकतो. कापसाची काडी त्याला उलट आत ठासते. पडदा शाबूत असेल तर घट्ट मळ मऊ करायला काही दिवस थेंब चालतात, पण भोक आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तेल घातलं तर ते थेट पडद्यामागच्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात जातं. कोकणासारख्या दमट हवेत तेलकट, ओल्या नळीत बुरशी धरते, कान कमालीचा खाजतो आणि आत काळे-पांढरे तंतू दिसतात. त्यावर आणखी तेल म्हणजे बुरशीला आणखी ओल.

सर्वांत मोठं नुकसान अंतर्कर्णाच्या, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागाच्या, अचानक आलेल्या बहिरेपणात होतं. एका सकाळी एक कान बंद वाटतो, शिट्टी वाजते, दुखत काही नाही. मळ असेल म्हणून दोन आठवडे तेल चालतं. स्टिरॉइडच्या उपचाराने काही ऐकू परत येण्याची आशा असते ती याच दोन आठवड्यांत. घरी एक साधी परीक्षा करता येते. तोंड मिटून ‘म्…’ असं गुणगुणायचं. आवाज बंद कानात मोठा वाटला तर अडथळा बहुधा मळ, पाणी किंवा पडदा इथला. चांगल्या कानात मोठा वाटला तर अंतर्कर्णाची शंका घ्यायची, तेलाची बाटली बाजूला ठेवायची आणि श्रवणालेखासाठी, म्हणजे ऐकण्याच्या मोजणीसाठी, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.