पाव इंची पेच

पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ओझी उचलायची नाहीत. घरातली ओझी मी पूर्वीपासूनच उचलत नाही, असं बायकोचं ठाम मत आहे. त्यामुळे कमी करण्यासारखा उरला तो कॅमेराच. जुना डीएसएलआर विकला आणि चिमुकला मिररलेस घेतला. पोटात आरसा नाही, त्यामुळे अंगानं सडपातळ. लेन्स धरून जेमतेम अर्धा किलो, म्हणजे दोन वेळच्या भेंडीइतका. पाठ खूश झाली.

मग एका जाणकार मित्राने सल्ला दिला, "ट्रायपॉड मात्र दणकट घे." दणकट ट्रायपॉड दोन किलोंचा निघाला. नाकापेक्षा मोती जड, आणि मोती खांद्यावर.

कॅमेरा आणि ट्रायपॉड यांचं लग्न एका स्क्रूवर लागतं. जाडी पाव इंच, आणि इंचाला वीस आटे. देशात दशमान पद्धत येऊन आजोबांची पिढी सरली, पण कॅमेऱ्याच्या बुडाला अजून इंचच चालतो. या स्क्रूने आधी एक प्लेट कॅमेऱ्याला लावायची आणि ती प्लेट ट्रायपॉडच्या डोक्यात अडकवायची. मोठ्या कॅमेऱ्याला ही प्लेट पाटासारखी शोभते. माझ्या कॅमेऱ्याखाली ती अंथरुणासारखी चहूबाजूंनी बाहेर येते. मागचा स्क्रीन खाली वळवायला गेलं की तिच्यावर आपटतो. उजव्या हाताची बोटं पकडीवर ठेवायची तर तिथे ट्रायपॉडच्या डोक्याची मूठ आधीच ठाण मांडून बसलेली. बटण दाबलं की कॅमेरा मान डोलावतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि श्वास रोखून लांब उभं राहायचं. लांब उभं राहून श्वास का रोखायचा हे विचारू नका, रोखला जातो.

एवढंही चाललं असतं. पण छोट्या कॅमेऱ्याला बॅटरीही छोटी आणि स्क्रीन सतत चालू, त्यामुळे ती भराभर उतरते. आणि बॅटरीचं झाकण कुठे? बरोब्बर प्लेटखाली.

हे ज्ञान मला आईच्या पंचाहत्तरीला झालं, साताऱ्याच्या घरात. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं होतं. एकोणीस माणसं तीन रांगांत बसवली होती. मामांना खुर्ची, पोरं खाली, जावई टोकाला. मी टायमर लावून धावत येऊन मांडी घातली, सगळे हसले, लाल दिवा लुकलुकला आणि विझला. कॅमेऱ्यासकट.

"कुणी हलू नका," मी म्हणालो. जास्तीची बॅटरी खिशात होती. प्लेटच्या स्क्रूला फक्त एक खाच, आणि ती फिरवायला हवं नाणं.

एकोणीस माणसांत कामाचं एक नाणं निघालं नाही! सगळे मोबाईलवरून पैसे देणारे. भाच्याने "क्यूआर चालेल का?" असं विचारून घेतलं. जावयांकडे दहाचं नाणं होतं, ते खाचेत जाईना. नखाने पाहिलं, नख गेलं. शेवटी माझी नजर आईच्या ओटीकडे वळली. नारळाशेजारी तांदळात एक रुपया चमकत होता.

"अहो, ओटीतला रुपया काढतात का कुणी?" बायको कडाडली. मी काढला. तोही थोडक्यासाठी अडला, त्यामुळे पाप लागलं आणि कामही झालं नाही.

तोवर दिवे विझत आले होते आणि मामांना डुलकी लागली होती. आई मात्र शांतपणे उठली, कपाटातला बटणांचा डबा काढला, हुकं, टाचण्या, जुन्या किल्ल्या बाजूला सारल्या आणि चाराणे काढून माझ्या हातावर ठेवले. 2011 साली चलनातून गेलेलं पंचवीस पैशांचं नाणं. ते खाचेत असं बसलं, जणू तिच्याच मापाने पाडलेलं. पाव इंचाच्या स्क्रूला पाव रुपया! आणे 1957 सालीच गेले, तरी आईच्या तोंडी चाराणेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी आयुष्यभर ऐकली होती, पण सगळा मसाला घरात असताना नेमके चार आणेच कमी पडलेले पहिल्यांदा पाहिले.

फोटो छान आला. मामा झोपेतच हसलेत. पुन्हा घोळ नको म्हणून मी त्याच नाण्याने प्लेट अशी आवळली की माझ्या मनगटातून कळ गेली. नाणं खिशात टाकणार तेवढ्यात आईने हात पुढे केला. "दे इकडे. तुझ्याकडे गेलं की हरवलंच."

काल पुण्यात बॅटरी पुन्हा उतरली. घरातली सगळी नाणी, चमच्याचं टोक, बायकोची नेलफाइल असं सगळं करून झालं. प्लेट जागची हलत नाही.

शनिवारी साताऱ्याला जातोय. आईला वाटतंय, तिला भेटायला.