गुडघा म्हणजे टायर नव्हे, आणि रंकाळ्यावर पाठवणं म्हणजे हात झटकणं नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार पेशंटनी मोबाइल पुढे करून दाखवला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गुडघा म्हणजे गाडीचा टायर, ठरावीक किलोमीटरच चालतो, म्हणून पन्नाशीनंतर चालून झिजवू नका. दुखलं तर फिजिओकडे जाऊन शेक आणि मशीन घ्या, तोच खरा उपचार. रोज दहा हजार पावलं जमत नसतील तर चालण्याचा उपयोग शून्य. आणि शेवटी, जो फिजिओ ‘बागेत जा, ग्रुपबरोबर फिरा’ म्हणतो, तो तुम्हाला बरं करू शकत नाही म्हणून हात झटकतोय.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. चारपैकी दोघींनी हा मेसेज वाचून चालणं बंद केलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

टायरपासून सुरू करते. रबर स्वतःला सांभाळू शकत नाही, गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सैल होते, आणि या दाबण्या-सुटण्यातून तो द्रव तिच्यात आतबाहेर होतो. गुडघा जपायचा म्हणून हलवायचाच नाही, तर आपण त्याचं अन्नपाणीच तोडतो. शिवाय मांडीचे स्नायू बारीक होतात आणि त्यांनी उचलायचा भार सांध्यावर येतो.

2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा निघाला. त्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के दिसलं, बैठ्या माणसांमध्ये 10.2 टक्के आणि वरच्या स्पर्धांत पळणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के. पळण्यामुळेच सांधे वाचले असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्यांचे सांधे मुळात चांगले, तेच पळत राहिले असतील. पण टायरचा हिशेब खरा असता तर बैठ्या माणसांचे गुडघे सगळ्यात चांगले निघायला हवे होते. अतिरेक वाईट, हेही तेच आकडे सांगतात. आणि ओझ्याचीच काळजी असेल तर वजनाकडे बघा: जाड आणि गुडघेदुखी असलेल्या माणसांवरच्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला.

खरं तर कोल्हापूरकराला हे मी सांगायला नको. इथे पेठेपेठेत तालीम आहे. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही, आणि बैठकांनी गुडघे झिजतील म्हणून त्याला खाटेवरही बसवून ठेवत नाही. आकडा हळूहळू चढवतो. पासष्टीच्या आजींच्या बाबतीत मी तेच करते, फक्त आकडे लहान असतात.

‘पण चालल्यावर दुखतं की!’ हो, सुरुवातीला दुखू शकतं. दुखणं म्हणजे दर वेळी झिजणं नाही. मी पेशंटला दहापैकी गुण द्यायला सांगते. चार-पाचपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नेहमीच्या पातळीवर आलं, तर तेवढं चालणं तुमच्या मापाचं. सकाळीही जास्तच असेल, तर पुढच्या वेळी अंतर कमी करायचं. बंद करायचं नाही, कमी करायचं.

आता मशीन. माझ्याकडेही आहेत. शेकाने घटकाभर बरं वाटतं, ते खोटं नाही. पण संधिवाताच्या दुखण्यावर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल असे विजेवरचे उपचार देऊ नका, असं स्पष्ट म्हटलंय, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. त्याच मार्गदर्शनात व्यायाम मात्र सगळ्यांना द्या असं आहे. म्हणजे मेसेजने ज्याला खरा उपचार म्हटलं तो यादीतून बाहेर, आणि ज्याला हात झटकणं म्हटलं तो पहिल्या पायरीवर. दहा दिवस मशीनखाली आडवं पडून अकराव्या दिवशी पुन्हा जिना चढताना कठडा धरणारी माणसं मी बघते, तेव्हा वाईट वाटतं. पैसा जातो तो जातोच, पण ते दहा दिवस पायांना ताकद मिळवण्यात गेले असते.

दहा हजार पावलांचं लवकर आटोपते. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. 2019 मध्ये वयस्क स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास आला. रोज सुमारे 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पूर्वी ‘सलग दहा मिनिटं तरी हवीत’ अशी अट होती, तीही काढली. कपिलतीर्थ मार्केटातून भाजी आणायला चालत जाणं त्यात धरलं जातं.

राहिला हात झटकण्याचा आरोप. मला सगळ्यात जास्त लागला तो हाच, आणि त्यात थोडं तथ्य आहे हेही मान्य करते. फाइलवर ‘रोज फिरायला जा’ एवढंच लिहून पेशंटला उठवलं, तर ते हात झटकणंच आहे. पण नीट पाठवायचं म्हटलं तर मशीन लावण्यापेक्षा त्याला जास्त वेळ आणि डोकं लागतं.

शिवाजी पेठेतल्या एक मावशी, वय 63. सहा वेळा दवाखान्यात येऊन दुखणं निम्म्यावर आलं होतं. मी रंकाळा तलावावर फिरायला जायचा विषय काढला तर म्हणाल्या, “मी जातो वो फिरायला, पर मधीच गुडघा धरला तर बसू कुठं?”

मी मनात धरून बसले होते की यांना कंटाळा आहे. प्रश्न बाकाचा निघाला. मग कागदावर त्यांच्या दारापासून रंकाळा टॉवरपर्यंतची वाट काढली. टेकायला कट्टा कुठे, बाक कुठे, चढ कुठे, कुत्री कुठल्या गल्लीत, हे त्यांनीच सांगितलं. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या बाकापासून मागे फिरायचं ठरलं, कितीही बरं वाटलं तरी. परतीपुरता गुडघा शिल्लक ठेवायचा.

मग पायातलं. त्यांची चप्पल टाचेला इतकी झिजली होती की पाऊल बाहेरच्या बाजूला कलत होतं. बूट सुचवले तर “साडीवर बूट? गल्ली हसंल.” शेवटी मागे पट्टा असलेली, मऊ तळाची सँडल ठरली. वेग कसा ठरवायचा? मावशी भजनी मंडळात आहेत, म्हणून सांगितलं: चालताना अभंग म्हणता आला तर पाय उचला, गप्पा मारता आल्या पण अभंग म्हणताना दम लागला तर वेग बरोबर, बोलताच येईना तर हळू व्हा. मोबाइलचं ॲप त्यांनी एकदाही उघडलं नाही, ही खूण मात्र विसरल्या नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या एकट्या गेल्या नाहीत. जाऊबाई बरोबर निघाल्या, आणि रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या बायकांच्या एका घोळक्यात दोघी मिसळल्या. त्यातल्या एकीशी मावशींच्या देखत मी फोनवर बोलले: गुडघा असा आहे, मध्ये बसतील, थांबू नका, परत येताना घ्या. बागेतल्या व्यायामाच्या साधनांपैकी कुठल्यावर बसायचं आणि कुठल्याला तूर्त हात लावायचा नाही, तेही सांगितलं. मी कुणाला आठ-दहा वेळा भेटते, गुडघा माणसाबरोबर पुढची वीस वर्षं जायचा असतो. “काल का आला नाहीस गं?” असं रोज विचारणारं माणूस माझ्या दवाखान्यात मिळत नाही, ते तिथेच मिळतं.

बायकांसाठी हे जास्तच खरं. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2022 साली भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, पुरुषांमध्ये हे प्रमाण 42 टक्के आणि स्त्रियांमध्ये 57 टक्के. ‘घरकाम करते की’ म्हणणाऱ्या बाईला बाहेर पडायला कारण लागतं, आणि डॉक्टरांनी सांगितलंय हे घरात चालणारं कारण आहे. ते मी बिनदिक्कत देते.

कुणाला पाठवत नाही, हेही सांगते. चालताना छातीत दाटून येणं, ताप असून गुडघा लाल-गरम होणं, एकाच पायाची पोटरी सुजणं, गुडघा अडकून सरळच न होणं, पायातली ताकद अचानक जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर रंकाळा नाही, आधी डॉक्टर, तेही लगेच.

जूनमध्ये पाऊस लागला की फिरणाऱ्यांची गर्दी विरळ होते आणि इथे बहुतेकांचं चालणं सुटतं ते कायमचं. म्हणून मे महिन्यातच मावशींना विचारलं होतं, पावसात काय? त्यांच्या घोळक्याने एका देवळाचा सभामंडप धरला. तिथे फेऱ्या मारतात, आणि दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं करतात. पहिल्या दिवशी माझ्यासमोर अर्ध्या मिनिटात मावशी सहा वेळा उठल्या होत्या. परवा अकरा.

जाताना दारात थांबून म्हणाल्या, “आता जोतिबाच्या पायऱ्या चढू काय?” चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. म्हणून या आठवड्यापासून घरातल्या एका पायरीवर उतरायचा सराव सुरू केलाय, कठडा धरून, दिवसाला दहा वेळा.