रुग्णाची सही नसली तरी दाखल करता येतं

‘कायदा बदलला. आता रुग्णाच्या सहीशिवाय त्याला मनोरुग्णालयात दाखल करता येत नाही, ३० दिवसांनी सोडावंच लागतं, पोलीस हात लावत नाहीत, घरच्यांना काही अधिकारच उरले नाहीत.’ असा मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. रोख आहे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर, जो २९ मे २०१८ला लागू झाला.

‘सही हवीच.’ स्वतःहून दाखल होणाऱ्याची हवी. आजारामुळे ज्याला स्वतःचा निर्णय जवळजवळ घेताच येत नाही, त्याच्यासाठी कलम ८९ आहे. तिथे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत रुग्णाच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती, करते. त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेलं लागतं: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर. शिवाय नजीकच्या काळात तीनपैकी एक गोष्ट घडलेली हवी. स्वतःला इजा करण्याची धमकी वा प्रयत्न. दुसऱ्यावर हिंसा किंवा तशी भीती. किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने स्वतःला इजा होण्याचा धोका. ‘ऐकत नाही, चिडतो’ एवढंच सांगितलं तर ते यात कशातच बसत नाही. ‘सोमवारपासून जेवलेला नाही’, ‘काल रात्री आईवर कोयता उगारला’ असं वार-तारखेनिशी सांगा.

हा प्रतिनिधी कोण? रुग्णाने कोणाला नेमलं नसेल तर आधी नातेवाईक, मग काळजीवाहक. म्हणजे बहुतेक घरांत आपणच. पण रुग्णाने मित्राला नेमलं असेल, तर आईची सही इथे चालत नाही! नेमणुकीला साधा कागद आणि रुग्णाची सही किंवा अंगठा पुरतो. बरं वाटत असतानाच त्याच्याशी बोलून हा कागद करून घ्यावा. प्रतिनिधीला निदानाची, उपचारांची माहिती मागण्याचा हक्क आहे आणि घरी सोडण्याच्या नियोजनात सहभागाचाही. ‘गोपनीय आहे’ म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.

‘३० दिवसांनी सोडतात.’ कलम ८९खाली ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं हे खरं, पण गरज टिकून असेल तर कलम ९० लागतं. दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी घेऊन मुक्काम वाढवता येतो, आधी ९० दिवस, मग १२०, मग दर वेळी १८०.

पोलिसांचं म्हणाल तर कलम १०० उलटंच सांगतं. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रमुखाचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. तातडीच्या प्रसंगी तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर घरी येऊनही ७२ तासांपर्यंतचे उपचार करू शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. तपासणीसाठी जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणंही त्यातच येतं. विजेचे झटके मात्र यात देता येत नाहीत.

मग या कायद्याविषयी तक्रार करण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण गटांतून फिरणाऱ्या मजकुरात ते नाही. घरी आल्यावर गोळ्या बंद केल्या तर सक्तीने उपचार चालू ठेवण्याची तरतूद या कायद्यात नाही. पुन्हा कलम ८९च्या अटी पूर्ण होईपर्यंत घरच्यांनी वाट पाहायची. दुसरी अडचण पैशांची. १९८७च्या कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी न्यायालय व्यवस्थापक नेमू शकत होतं. २०१७च्या कायद्यात ती तरतूदच गळाली. नामनिर्देशित प्रतिनिधीची सही उपचारांपुरती, बँकेत ती चालत नाही. त्यासाठी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाचा (ठरावीक निर्णयांपुरता पालक नेमण्याचा) अर्ज वेगळा करावा लागतो, नाहीतर उच्च न्यायालय गाठावं लागतं.