बसस्टॉपपासून ४०० मीटर

मित्र म्हणाला, "अरे शहरातलंच जंगल आहे, दोन तासात घरी." त्यातल्या 'शहरातलंच'ने माझा घात केला. खऱ्या डोंगरावर माणूस तयारीने जातो, घरी सांगून जातो आणि पडलाच तर निदान लोक हळहळतात तरी. इथे आपण बसस्टॉपपासून ४०० मीटरवर बर्फात आडवे, बसचा दरवाजा फुस्स करून उघडलेला स्पष्ट ऐकू येतोय, आणि उठता काही येत नाहीये. हे सांगायचं कुणाला?

बाहेर उणे ८. मी आपला सुती बनियन, त्यावर सुती टीशर्ट, त्यावर सुती शर्ट आणि वर गादीएवढं जाकीट घालून हजर. मित्र तीन पातळ थरांत. म्हणे निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं. मी मनात म्हटलं, बघू कोण कुडकुडतं ते. पहिल्याच चढाला मला घामाच्या धारा. आणि कापसाचं असं आहे की तो घाम पितो पण सोडत नाही (लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, हे ज्ञान नंतरचं), त्यामुळे चढ संपून वारा लागला तेव्हा पाठीला कुणीतरी ओला टॉवेल चिकटवल्यासारखं झालं. जाकीट काढलं की गारठा, घातलं की घाम. पुढचा अर्धा तास मी चालत कमी आणि कपडे बदलत जास्त होतो.

आणि बर्फाबद्दलचे माझे सगळे समज उलटे निघाले. ताजा बर्फ बिचारा गरीब, पाय रुततो, कुरकुर आवाज येतो, बस. वैरी म्हणजे तुडवलेली पायवाट. शहरातलं जंगल म्हटल्यावर पहाटेपासून माणसं, कुत्री, धावणारे, सगळे मिळून बर्फ दाबून ठेवतात, मग दुपारी वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, असं चार दिवस झालं की वाटेची पॉलिश केलेली फरशी होते आणि ती फरशी बरोब्बर उतारावर असते. मित्राच्या बुटांवर स्पाइक्स चढवलेले. माझ्यासाठी त्याच्याकडे फक्त सल्ला, "पेंग्विनसारखा चाल." म्हणजे पावलं छोटी, तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. मी तसा चाललो. सत्तरीच्या एक बाई स्पाइक्स टकटक वाजवत बाजूने निघून गेल्या, त्यांचं कुत्रं मात्र थांबून माझ्याकडे बघत राहिलं. मग मी पडलो आणि ते समाधानाने गेलं.

मित्र "पिवळ्या खुणा बघत ये" म्हणून पुढे सटकला. खुणा झाडांच्या खोडांवर रंगवलेल्या असतात, पण वाऱ्याने एका बाजूला बर्फ थापला गेला होता, त्यामुळे खुणा गायब आणि झाडं सगळी सारखीच. नकाशा बघावा तर ४३ टक्के चार्ज असलेला फोन काळाठिक्कर. थंडीत बॅटरीतली रसायनं सुस्तावतात, फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवायचा असतो. मी फोटो काढायला सोपा पडावा म्हणून बाहेरच्या खिशात ठेवलेला. पाणी प्यावं तर बाटलीचं झाकण गोठलेलं. बर्फ वरून धरतो म्हणून बाटली उलटी ठेवायची असते, हेही ज्ञान नंतरचं.

तर उन्हाळ्यात ही झाडी इतकी दाट असते की शहर विसरायला होतं. हिवाळ्यात पानं नाहीत, सगळं आरपार. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक गृहस्थ दात घासताना दिसले. मी मान डोलावली आणि वळलो. वीस मिनिटांनी पुन्हा तीच खिडकी, ते केस पुसत होते. आता मान डोलवायची की नाही हे कळेना, म्हणून झाड बघत असल्याचं नाटक केलं. तिसऱ्यांदा पोचलो तेव्हा ते ऑफिसच्या कपड्यांत होते. त्यांनी खिडकी उघडली, काही न बोलता हात लांब करून डावीकडे दाखवलं आणि खिडकी लावून घेतली.

डावीकडे गेलो. उतार होता. तो मी बसून पार केला.

बसमध्ये हीटरपाशी फोन काखेत धरून बसलो तर तो चालू झाला, वर ३१ टक्के दाखवतोय निर्लज्ज! चालण्याचं ॲप उघडलं. फोन जिथे मेला आणि जिथे जिवंत झाला ते दोन बिंदू त्याने परस्पर जोडून टाकले होते, म्हणजे मधल्या प्रदक्षिणा, पडझड, तो तिसरा मजला, सगळं जाऊन तिथे एक सरळ ताठ रेष. घरी बायकोला तीच दाखवली.

"वा, रस्ता बराच पाठ दिसतोय तुला," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मीही येते."