तांदळाच्या डब्यातली किल्ली

आमच्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात असते. कपाटात लॉकरची किल्ली, लॉकरमध्ये आईच्या पाटल्या आणि गणपतीची चांदीची भांडी. श्रावणातल्या एका रविवारी मी आईला यावरून तासभर व्याख्यान दिलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सुरक्षिततेवर घरात बोलायचा हक्क आपल्यालाच आहे अशी माझी समजूत.

"अगं, किल्ली कुठे असते ते सगळ्या घराला माहीत आहे!"

"घरालाच ना? चोराला कुठे माहीत आहे?"

"आणि एकाच जागी वर्षानुवर्षं? जागा अधूनमधून बदलावी लागते."

"बरं," म्हणून आई उठली, हाताने किल्ली बाजूला सारली आणि भाताचे तांदूळ काढले.

गुरुवारी ऑफिसात सिक्युरिटीवाल्यांचा मेल आला. त्यांच्या स्कॅनरला आमच्या कंटेनरच्या इमेजमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सापडला होता. कंटेनर म्हणजे ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेला डबा, आणि इमेज म्हणजे तो डबा ज्यावरून बनतो तो साचा. इमेज माझी, पासवर्डही माझा. मीटिंगमध्ये तो भल्यामोठ्या स्क्रीनवर झळकला: 'मोरया@१२३'. बंगळुरूहून जोडलेल्या बाईंनी अतिशय गंभीरपणे विचारलं, "हा मोरया कोण? अजून कंपनीत आहे का?"

मी म्हटलं, ती फाइल तर मी काढून टाकली होती! आणि खरंच टाकली होती. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बनवायच्या कृतीत, एका ओळीत सगळं फोल्डर कॉपी केलं, त्यात पासवर्डची फाइल गेली, म्हणून पुढच्याच ओळीत ती डिलीट केली. पण इमेज म्हणजे चिरोटा असतो. कॉपीच्या ओळीचा एक पदर, डिलीटच्या ओळीचा त्यावर दुसरा. वरच्या पदरावर फक्त 'ही फाइल दाखवू नये' एवढी खूण होते, खालच्या पदरात फाइल जशीच्या तशी. इमेज सेव्ह करून पदर सोडवले की कुणीही काढून घ्यावी. वर आम्ही ती इमेज कंपनीभर वाटत होतो, दिवाळीच्या फराळासारखी.

मग मी पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे डबा सुरू होताना त्याला बाहेरून दिलेल्या चिठ्ठीत, टाकला. अर्धं जग हेच करतं, त्यामुळे मलाही शांत झोप लागली. सकाळी आमच्या सीनियरनी माझ्याच मशीनवर 'डॉकर इन्स्पेक्ट' ही डब्याची सगळी माहिती दाखवणारी कमांड चालवली आणि काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोरया. डबा बंद, पण काचेचा. शिवाय ॲप्लिकेशन कोसळलं की आमचा लॉग मदतीच्या भावनेने सगळे व्हेरिएबल छापत असे. हा मदतीचा कोडही माझाच होता.

"कुबरनेटिसचं सीक्रेट वापर," सीनियर म्हणाले. कुबरनेटिस म्हणजे आमचे सगळे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा, आणि पासवर्ड ठेवायच्या तिच्या सोयीच्या नावातच सीक्रेट. मी हरखलो. पासवर्ड बेस-६४ मध्ये घातला, तर अशी अगम्य अक्षरं उमटली की माझा मलाच आदर वाटला. तो आदर जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, लहानपणीची 'च'ची भाषा. आम्हा भावंडांना वाटायचं मोठ्यांना कळत नाही, आणि आई स्वयंपाकघरातून त्याच भाषेत उत्तर द्यायची. त्यातही आपण मुद्दाम सांगितलं नाही तर कुबरनेटिस हे सीक्रेट आपल्या एटसीडी नावाच्या कोठारात बिनकुलूपच ठेवतं.

तरी म्हटलं, चालवून तर बघू. डेटाबेस म्हणाला, पासवर्ड चूक. मी तपासला, बरोबर. पुन्हा टाकला, चूक. दुपारचे ३ वाजले, ५ वाजले. अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने हेडफोन चढवला. नेटवर्कवर संशय घेतला, डेटाबेसवाल्यांवर घेतला, त्यांच्या ग्रुपवर दोन खवचट मेसेजही टाकले. ७ वाजता सीनियर डबा उचलून निघाले आणि जाता जाता, न थांबता म्हणाले, "इकोनंतर डॅश एन लावलंस का रे?"

नव्हतं लावलं. पासवर्ड बेस-६४ कडे पाठवायला वापरलेली इको ही कमांड, डॅश एन लावून अडवलं नाही तर, ओळीच्या शेवटी इमानेइतबारे एक एन्टर जोडते. तोही पासवर्डबरोबर बेस-६४ मध्ये गेला होता. डोळ्यांना न दिसणारं एक शेपूट, आणि त्यापायी माझी अख्खी दुपार. डेटाबेसवाल्यांना मी त्या दिवसापासून स्वतःहून चहा पाजतो.

पुढे पासवर्ड बदलायचा ठरला. बदलला, आणि अकाउंट्समधून फोन आला की रोज सकाळी येणारा रिपोर्ट आज आला नाही. कुणीतरी २०१९ मध्ये लिहिलेली आणि नंतर विसरलेली एक स्क्रिप्ट आतापर्यंत मोरयाच्याच जिवावर चालली होती. आपला पासवर्ड कोणकोण वापरतंय हे जाणून घ्यायचा, तो बदलणे हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

एवढ्या फजितीनंतर मॅनेजरनी व्हॉल्ट, म्हणजे पासवर्डची सॉफ्टवेअरमधली तिजोरी, आणायचं ठरवलं. व्हॉल्ट मात्र देखणी चीज आहे. सगळे पासवर्ड त्याच्या पोटात, खरोखर कुलूपबंद. कंटेनरला हवा तेवढाच मिळणार, तोही डिस्कवर न उतरता मेमरीतल्या फाइलमधून. पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की व्हॉल्ट तोंड मिटून बसतं. ते उघडायची किल्ली पाच तुकड्यांत वाटलेली असते आणि त्यातले कुठलेही तीन जमले तरच काम होतं. १९७९ साली आदी शमीर यांनी काढलेली ही गणिती युक्ती. शमीर यांनी आपला सातबारा पाहिला असेल असं वाटत नाही, पण पाच हिस्सेदारांच्या सह्या जमवताना काय होतं हे कोकणातल्या कुठल्याही माणसाने त्यांना सांगितलं असतं.

हरतालिकेच्या संध्याकाळी सर्व्हर रीस्टार्ट झाला. एक तुकडा माझ्याकडे, एक सीनियरकडे. तिसरे हिस्सेदार गावी, पडवीत मखर बांधत, आणि पडवीत रेंज नाही. चौथे विमानात. पाचवी मुलगी गेल्याच महिन्यात नोकरी सोडून गेली होती आणि जाताना लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची चावी असं सगळं परत केल्याची तिच्याकडे सही होती. तुकड्याचं कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी रात्री ११ वाजता पडवीतले गृहस्थ टेकडीवर चढले, तेव्हा व्हॉल्ट उघडलं.

घरी आलो तर आई जागी. मी तिला सगळं सांगितलं. कौतुकाने सांगितलं खरं तर.

"म्हणजे सगळे पासवर्ड त्या तिजोरीत?"

"हो."

"आणि तिजोरीत शिरायचा परवाना तुमचा तो डबा कुठे ठेवतो?"

मी पाणी प्यायला उठलो. आमच्या धंद्यात या प्रश्नाला 'सीक्रेट झिरो' असं भारदस्त नाव आहे, आणि त्याचं बरं उत्तर असं की वॉचमन चेहरा ओळखून आत सोडतो तसं कुबरनेटिसनेच त्या डब्याची ओळख द्यावी. आमचा परवाना तेव्हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये होता.

चतुर्थीला पहाटे आईने उठवलं. चांदीची भांडी काढायची होती आणि तांदळाच्या डब्यात किल्ली नव्हती.

"तूच म्हणालास ना, जागा बदल. बदलली."

"मग?"

"कुठे ठेवली ते आठवत नाहीये."

गहू उपसले, तूरडाळ उपसली, फराळाचे रिकामे डबे पालथे घातले. गुरुजींची वेळ ७ ची. पावणेसातला कामाच्या मावशी तोरणाला आंब्याचे डहाळे घेऊन दारात आल्या, ओट्यावरचा पसारा त्यांनी एकदा पाहिला आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "किल्ली का? साबुदाण्यात बघा."