हरतालिकेचा उपास आणि सहावा रिसीव्हर

2025 च्या ऑगस्टमधल्या मंगळवारी दुपारी तीनची मुदत संपली, आमच्या पॅकर्सच्या, म्हणजे ग्रीन बेच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, नव्वद खेळाडूंचे कापून त्रेपन्न झाले, आणि संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफिल्डच्या इंडियन ग्रोसरीबाहेर टेकलो. ट्रॉल्या लावतात तिथला गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कठडा हाच आमचा कट्टा. दुसऱ्या दिवशी गणपती. आत मोदकाच्या पिठासाठी झुंबड, बाहेर आम्ही.

"हार्डमनला काढावंच लागलं आम्हाला," मालक म्हणाला. हार्डमन म्हणजे रिसीव्हर, फेकलेला चेंडू झेलणारा.

मालक म्हणजे आमचा प्रसाद. 2021 च्या शेवटी पॅकर्सनी 300 डॉलरला एक असे शेअर काढले, तेव्हा याने एक घेतला. त्यावर डिव्हिडंड नाही, तो विकता येत नाही, किंमतही वाढत नाही. सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून देवघराच्या वर टांगलंय. तेव्हापासून याच्या तोंडी 'ते' नाही, 'आम्ही'.

"तुला फोन आला होता का रे विचारायला?" शुभावहिनी. हरतालिकेचा निर्जळी उपास होता, त्यामुळे धार जरा जास्तच. "पाच लाखांच्या वर मालक आहेत तुमच्यात. ग्रामपंचायतसुद्धा तुमच्यापेक्षा लहान."

"सुपर बोल फायनलचा शेवटचा कॅच घेतला तोच ना हा?" नानांनी विचारलं. नाना वहिनींचे सासरे. दादरहून सहा महिन्यांसाठी आलेत आणि दोन महिन्यांत आमच्यापेक्षा जास्त फुटबॉल पाहून बसलेत.

"तोच. 2024, कॅन्सस सिटीकडून, ओव्हरटाइममध्ये. आणि इथे सराव सामन्यात पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू, हातातून सुटला."

"मग बरोबर आहे. मागच्या वर्षीची मूर्ती कितीही देखणी असो, विसर्जन झालं की पाटावर नवी बसते."

मालकाला आता चेव आला. नवा रिसीव्हर गोल्डन ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत घेतलाय, चाळीस यार्ड 4.29 सेकंदांत पळतो. सॅव्हिऑन विल्यम्स तिसऱ्या फेरीतला. शिवाय रीड, डब्ज, विक्स. वॉटसनचा गुडघा बरा झाला की तोही येईल. "एवढी गर्दी लीगमध्ये कुणाकडे नाही!"

"वॉटसनने तर नुसता रुमाल टाकून जागा धरलीय," नाना म्हणाले. "विरार लोकलसारखी."

"गर्दी आहे हो," वहिनी म्हणाल्या, "पण एका मोसमात कॅच घेऊन हजार यार्ड कुणी केले? डावान्टे 2021 मध्ये, तो शेवटचा. मागच्या वर्षी सगळ्यांत पुढे रीड, 857 वर अडकला."

"चेंडू फेकणारा आमचा क्वार्टरबॅक लव्ह सगळ्यांना वाटून देतो वहिनी. हेच तर आमचं तत्त्वज्ञान."

"एक भाकरी पाच जणांत वाटली की तत्त्वज्ञान, आणि डब्ज रुसून सरावाला आला नाही की एका मॅचला घरी बसवा. त्याचं पोट भरत नव्हतं, हे कुणी विचारलं?"

मला वहिनींचं पटत होतं. मी मान हलवली तेवढ्यात मालकाने चूक केली. म्हणाला, निदान लव्हच्या आधीच्या क्वार्टरबॅकसारखी, रॉजर्ससारखी, कुरकुर तरी आता कुणी करत नाही. रॉजर्सचं नाव या कट्ट्यावर काढायचं नाही असं 2023 मध्ये ठरलंय, कारण त्यावरून दोन घरांचं जेवणखाण महिनाभर बंद होतं.

"कुरकुर?" वहिनी उठून उभ्याच राहिल्या. "त्या माणसाने वर्षानुवर्षं पहिल्या फेरीतला एक रिसीव्हर मागितला. 2020 मध्ये दिलं काय? लव्ह, दुसरा क्वार्टरबॅक! मागितली साडी, आणली सवत. आणि जॅव्हॉन वॉकरनंतर तेवीस वर्षांनी गोल्डनची साडी आणली, तीही सवतीलाच नेसवली."

कठड्यावर हसून हसून ट्रॉल्या हलल्या. मालक पुटपुटला की जॉर्डी नेल्सन, कॉब, डावान्टे सगळे दुसऱ्या फेरीतलेच, ड्रायव्हर तर सातव्या. मुद्दा खरा होता, पण ऐकायला कोणी नव्हतं.

नाना मात्र मेल्टनपाशी अडकले होते. रिसीव्हर असून हा पोरगा या उन्हाळ्यात पलीकडच्या बाजूला, रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरबॅक म्हणून उभा राहायला शिकला, आणि टिकला. "पाचवा-सहावा माणूस कॅचवर राहत नाही. पंटमागे जीव तोडून कोण धावतो, दुसऱ्यासाठी कोण अंगावर घेतो, ते बघतात." मग थोडं थांबून, "आमचा अमोल मुजुमदार. 1988 ला सचिन-कांबळी 664 करत होते, तेव्हा हा पॅड बांधून बसलेला. रणजीत पहिल्याच मॅचला 260. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन. भारताची टोपी नाही मिळाली. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण. तो तरी कुठे उभा राहणार होता? आता बायकांच्या टीमचा कोच आहे."

क्षणभर कुणी बोललं नाही.

"मलाही 2019 मध्ये मंडळाच्या एकांकिकेतून काढलं होतं," मी म्हणालो.

"काढलं नव्हतं," मालक म्हणाला, "पडदा ओढायला ठेवलं होतं."

"म्हणजे पंट टीमवर," नाना.

"आणि पडदाही अडकला होता," वहिनी. हे त्या दरवर्षी गणपतीत काढतात.

तेवढ्यात गाडीतून मालकाच्या मुलाने काच खाली केली. पॅकर्सच्या कॅम्पला खेळाडू लहान मुलांच्या सायकली घेऊन सरावाला जातात. यंदा मालकाने रांगेत उभं राहून एका नवख्या रिसीव्हरला पोराची सायकल दिली. त्या धिप्पाड देहाखाली सीट वाकली, आणि मालकाने ती दुरुस्त करू दिली नाही. ऐतिहासिक ठेवा म्हणे. पोरगा महिनाभर वाकड्या सीटवर बसतोय.

"बाबा, तो राहिला का टीममध्ये?"

मालकाने फोनवर यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर.

"आता तरी सीट बदलशील?"

"हसवू नका रे," वहिनी पोट धरून म्हणाल्या, "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही!"

हसू ओसरलं तेव्हा दुकानाच्या आतले दिवे मालवत होते. मालक दचकून उठला. "अरे, मोदकाचं पीठ राहिलं!"

नानांनी दाराकडे बोट दाखवलं. "शेअर दाखवा. उघडतील."